भिंतीवरची नऊ नावं

तर मग तूच सांग आई, त्या दिवशी नको म्हणायची तुला काय गरज होती? कुणी तुझा हात धरला नव्हता, तोंड दाबलं नव्हतं. तुझा सख्खा भाऊ तुझ्या चुलीपुढं पाटावर बसून तुला विचारत होता, आणि तू भाकरी थापता थापता एका वाक्यात सगळं उडवून लावलंस. ते एक वाक्य मी आता इथं राजस्थानात बसून निस्तरतोय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपलं भांडण मिटत नाही, कारण तू निम्म्यातनंच उठून गेलीस. असतीस तर फोनवर म्हणली असतीस, "झालं का तुझं? जेवलास का?" आणि मी गप बसलो असतो. आता तसं विचारणारं कुणी नाही, म्हणून आज सगळं कागदावर बोलणार आहे. मशीनचा हायड्रॉलिक पाइप फुटलाय, मिस्त्री गावातनं यायला संध्याकाळ होईल, आणि पोकलेनच्या सावलीत बसून राहण्याशिवाय मला दुसरं काम नाही.

झालंय असं, की तुझ्या माहेरच्या खो-खो मंडळाला पन्नास वर्षं व्हायलीत. मैदानाच्या कडेला शाळेची जी लांब भिंत आहे ती रंगवायची ठरलंय. कळंबचा पेंटर येणार, वर मंडळाचं नाव मोठ्या अक्षरात, आणि खाली आजपर्यंतच्या सगळ्या खेळाडूंतले सगळ्यात भारी नऊ जण, फोटो आणि नावासकट. नऊच का, तर मैदानात नऊ उतरतात. मामा मंडळाचा अध्यक्ष. त्यानं मोबाइलवर ग्रुप काढला आणि मलाही त्यात घातलं. मी त्या गावचा कोण? भाचा. तुला तर माहीतच आहे, त्या गावात मी एकट्या मामाचा भाचा नाही, सगळ्या गावाचा भाचा आहे. पांढऱ्या मिशांची माणसं माझ्या पाया पडतात. लहानपणी मला लाज वाटायची, मी पाय मागं घ्यायचो, आणि तू डोळे वटारायचीस, "पडू दे त्यास्नी. त्यांचा मान हाय त्यो." मान त्यांचा, पाय माझे. तेव्हाही कळलं नव्हतं, आताही कळत नाही.

आठ दिवस ग्रुपात नुसता धुरळा चालला होता. ह्याचं घ्या, त्याचं घ्या. कुणी म्हणतंय अमका पळायला लागला की मैदानात वारं शिरायचं, कुणी म्हणतंय तमक्यानं खांबावर सूर मारला की समोरचा गडी आपोआप बाद व्हायचा. मी सगळं वाचत होतो. जेवायच्या सुट्टीत केबिनमध्ये बसून वाचायचो आणि वाट बघायचो, की आता येईल तुझं नाव, आता येईल. शेवटी नऊ नावं ठरली आणि मामानं खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. नऊच्या नऊ बाप्ये. त्यातले सहा पळणारे, दोघं खांबावरचे, आणि नववा तुझा भाऊ. त्याच्या नावापुढं लिहिलंय "अष्टपैलू". मी दोनदा वाचलं. मग टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सरळ आवाज पाठवला. म्हणलं, "मंडळाचा पहिला मोठा कप कुणी आणला? पोरींनी आणला. कपाटात काचेमागं हाय अजून, जाऊन बघा. त्या पोरींत पहिल्या तुकडीत कोण पळायचं, म्हाताऱ्या माणसांना इचारा. आन् तिचं नाव तुमच्या यादीत कुठंय?"

लगेच उत्तरं. "भाचे, तुमचं बरोबर हाय." "भाचेबुवा, लेडीजचं वेगळं करू की." "पुढच्या वर्षी दुसरी भिंत घेऊ, तिकडं पोस्टाच्या बाजूला." एकजण तुझ्याबद्दल म्हणला, "आक्कांचा विषयच वेगळा, त्यांना नमस्कार," आणि फूल टाकलं. सगळ्यांनी फुलं टाकली. मायला, पाया पडायचं, फुलं टाकायची आणि ऐकायचं मात्र नाही. शिवी दिली असती तरी परवडलं असतं. शिवीला शिवी देता येते, फुलाचं काय करायचं?

मग मी आपल्या गावातल्या पोरांना फोन लावला. म्हणलं, तुम्ही तरी चावडीवर एक बोर्ड लावा, आपल्या गावच्या सुनेनं कप आणलाय. ती पोरं म्हणाली, "अरे पण ती तिकडं खेळली ना, आपल्यासाठी कुठं खेळली?" आणि तिकडचे म्हणतात लग्न होऊन दुसऱ्या गावची झाली. दोन गावं असलेल्या बाईला भिंत मात्र एकाही गावात नाही. जे पोरगे गाव सोडून कधी तालुक्याच्या पुढं गेले नाहीत, ते इतिहास झाले. आणि तुम्ही सगळ्या, त्या कपाच्या पोरी, कुणी उमरग्याला, कुणी परांड्याला, कुणी पार कर्नाटकात दिलेल्या. तुमचा संघच कुणाला सापडत नाही.

पण मला त्यांचा राग कमी आहे. तुझा जास्त आहे. तू स्वतः काय केलंस? मला तरी सांगितलंस का कधी? मी आठवीत होतो तेव्हा तालुक्याला हरून आलो. पळतीत होतो, अर्ध्या मिनिटात बाद. घरी आलो तर तू दारातच, हातात खराटा. काय झालं ते विचारलं नाहीस. म्हणलीस, "मागं बघितलंस ना पळताना?" मी म्हणलं, तुला काय माहीत? तू म्हणलीस, "मागं बघणाऱ्याची मान तिरपी होती. तुझी अजून तिरपीच हाय." आणि दुसऱ्या दिवसापासनं आपलं अंगण सुरू झालं. दावणीचा खुंटा एक खांब, न्हाणीचा दगड दुसरा. चुलत भावंडं आणि शेजारची पोरं ओळीनं बसवायचीस, एक इकडं तोंड, एक तिकडं तोंड. तू कडेला उभी, पदर खोचलेला, खराटा तसाच हातात, आणि तोंडाचा पट्टा चालू. "पाय आखड. टाच जमिनीला टेकू नगं. कानानं ऐकत बसशील तवर गडी पार होतोय, पाठीला हात लागला की उठायचं." मला बसायला सांगितलं की माझ्या अंगाला मुंग्या यायच्या. मला पळायचं असायचं. मी म्हणायचो, "मी बसणार नाही. बसणाऱ्याला कुणी बघत नाही." तर तू हसलीस. म्हणलीस, "नवातली आठ जणं बसल्यालीच असत्यात रं. एकटा उठून पळतोय ते दिसतं. आठ जणं काय माती खायला बसली व्हय?"

मी एकदा खो मिळायच्या आधीच उठलो. दोनदा उठलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा तू खराटा खाली टाकलास आणि सगळ्यांच्या देखत म्हणलीस, "उठायचीच घाई हाय ना? मग ऊठ आन् जा कुठं जायचं ते. तुझ्यासारख्याचा खेळ हा न्हाय." रडायला आलं होतं मला. पोरं हसत होती. संध्याकाळी तू शेंगाची चटणी जास्त वाढलीस आणि तो विषय काढला नाहीस. पण मी विसरलो नाही. तू गेल्यावर नववीत शाळा सोडली, तेव्हा घरचे सगळे समजावत होते, आणि माझ्या डोक्यात तुझंच वाक्य, ऊठ आन् जा. पुण्यात हॉटेलात राहिलो, पटलं नाही. हैदराबादला गोदामात राहिलो, तिथंही नाही. एका ट्रकवर क्लिनर झालो, मग पोकलेनवर हेल्पर, आता ऑपरेटर. आणि गंमत बघ, ह्या कामात दिवसभर एका जागी बसायचं असतं. मला बसायचा पगार मिळतो. हे तुला सांगितलं असतं तर तू किती हसली असतीस, आणि तुझ्या हसण्याचाही मला रागच आला असता.

तर सांगायचं काय, की अंगणात इतकं शिकवलंस, पण एकदा तरी म्हणलीस का, की मी खेळायचे? मला वाटायचं सगळ्यांच्या आईला हे येत असेल. जसं पुरण येतं, गोधडी येते. मला कळलं ते तुझ्या दहाव्याला. उमरग्याच्या एका दवाखान्यात आयाचं काम करणारी बाई आली होती, अंगानं जाड, मोठ्या आवाजाची. ती तुझ्या संघातली. बायकांत बसून ती रडता रडता मध्येच हसायला लागली. म्हणाली, "काय सांगू बाई, ही पळतीला तिघींच्या पहिल्या तुकडीत उतरली की आमी दुसऱ्या तुकडीतल्या निवांत. एकमेकीच्या वेण्या घालत बसायचो. आमची पाळीच यायची न्हाय. डाव संपायचा, आमच्या दोन दोन वेण्या व्हायच्या, आन् ही अजून मैदानात. सर वरडायचे, अगं बायांनो, केस सोडा आन् बघा तरी तिच्याकडं!" सगळ्या बायका हसायला लागल्या, दहाव्याच्या दिवशी. मी खांबाला टेकून उभा होतो. मला त्या बाईचा, त्या सगळ्यांचा, आणि तुझा असा राग आला की मी तिथनं निघून गेलो. माझ्या आईबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट मला परक्या बाईकडनं कळावी? तेही, विचारायला तू उरली नसताना?

आणि मग मला तो चुलीपुढचा दिवस आठवला, आणि त्याचा अर्थ लागला. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. मामा आला होता, नवा शर्ट घालून, पिशवीत पेढे. नुकती नोकरी लागली होती त्याला, खेळाच्या सर्टिफिकेटावर. तो म्हणाला, "आक्का, गणपतीत जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवलाय. एकाचाच करायचा म्हणत्यात, मानाचा. मी तुझं नाव सांगितलंय. गाडी पाठवतो, ये." तू वर बघितलंसही नाहीस. भाकरी परातीत गरगर फिरत होती. म्हणलीस, "माझं कशाला? तुझं सांग. मी काय, दुसऱ्या गावची. तुला त्याच गावात ऱ्हायचंय, तुला चार लोकांत मान पायजे." मामा म्हणाला, "तसं कसं आक्का, मला तूच शिकवलंस की." तू म्हणलीस, "शिकवलं म्हणून तर सांगायले. ऐक." आणि त्यानं ऐकलं. एकदासुद्धा पुन्हा विचारलं नाही. पेढ्याचा पुडा ठेवला आणि निघून गेला. मला आता त्याच्यापेक्षा तुझी चीड येते. तो बोलायला आला होता गं. उगं रीत म्हणून आला असेल, पण आला होता. तू एकदा व्हय म्हणायचंस. एकदा. दुसऱ्याला द्यायचं होतं तर स्वतःचं घेऊन मग द्यायचं होतंस.

त्याच्या सत्काराला आपण सगळे गेलो होतो. तेरखेड्याची फटाक्याची लांब माळ लावली होती, मी कान दाबून उभा होतो. मामाच्या गळ्यात हार, डोक्याला फेटा, आणि तू बायकांत खाली सतरंजीवर, सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारी. लबाड. खरंच आवडलं होतं तुला, का टाळ्या वाजवून काहीतरी झाकत होतीस? मला ते कळायला हवं होतं. अजून कळलेलं नाही.

परवा ग्रुपातलं वाजल्यावर मामाचा फोन आला. मी केबिनमधनं खाली उतरलो, कारण मशीनच्या आवाजात भांडता येत नाही. तो म्हणाला, "भाच्या, तुझ्या पाया पडतो, पण ग्रुपवर असं बोलत जाऊ नगस. लोकं माझ्याकडं बघायलेत."

"बघू द्या की. तुम्हीच म्हणला होता ना, मला आक्कानं शिकवलं?"

"आरं शिकवलंच. दारातल्या लिंबाला खांब करून शिकवलं. मी सूर मारला की लिंबाला डोकं आपटायचं, आन् ही हसायची. मला म्हाईत न्हाय व्हय ती काय होती?"

"मग लिहा की नाव."

"नऊ हायती. दहावं घातलं की समदे म्हणणार आमच्या बापाचं घाला, आमच्या चुलत्याचं घाला. शाळेची भिंत पुरायची न्हाय."

"मग एक काढा."

फोनवर त्याच्या मागं पोरींचा आवाज येत होता, खो, खो, खो. तो अजून रोज संध्याकाळी मैदानावर जातो, गुडघे गेलेत तरी. त्या पोरींना शिकवतो. हे मला त्याच्यावर चिडताना आठवायचं नव्हतं. मग तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाचं काढलं तर गावात डोकी फुटत्याल. काढायचं तर माझंच काढावं लागंल. तू सांग. तू भाचा हाईस, तुझा शब्द खाली पडू देणार न्हाय. काढू का माझं?"

आई, मी एवढे दिवस ज्याच्यासाठी तणतणत होतो ते माझ्या तोंडाशी आणून ठेवलं होतं त्यानं. फक्त व्हय म्हणायचं होतं. तुझ्यासारखं नको म्हणणार नाही असं मी शंभरदा ठरवलेलं. पण मला तो दिसायला लागला, फेटा बांधलेला, आणि तू खाली सतरंजीवर. तुला चार लोकांत मान पायजे. त्याला आता कुणी विचारत नाही. पोरं शिकून बाहेर गेली, नोकरी संपत आली, राहिलंय ते मैदान आणि त्या भिंतीवरचं नाव. ते मी पुसायचं, तेही तुझ्या नावानं? तू तिथनंसुद्धा खराटा घेऊन आली असतीस. तो म्हणत होता, "हॅलो? हाईस का?" मी म्हणलं, "हाय." "मग काय करू, सांग की." मी म्हणलं, "वापस करतो फोन," आणि ठेवून दिला. मग त्या मातीच्या ढिगावर लाथा घातल्या. खाली दगड निघाला, अंगठा सुजलाय.

तेव्हापासनं हाच राग आहे. तुझ्या बाजूनं भांडायला निघालो तर तूच आडवी येतेस. तू त्याला देऊन टाकलंस, आणि दिलेलं परत मागायची सोयही ठेवली नाहीस. मला विचारलं होतंस का? ते तुझं एकटीचं होतं का? मलाही पाहिजे होतं ना. त्या मैदानाच्या कडेनं जाताना कुणाला तरी दाखवायला, की ही बघ, ही माझी आई. इथं मशीनवरच्या पोरांना मी सांगितलं तर ती म्हणतात, खो-खो? वो तो बच्चों का खेल है. त्यांच्या तोंडावर मारायला माझ्याकडं तुझा पळतानाचा एक फोटोसुद्धा नाही.

आज सकाळी मामाला मेसेज केला. "तुमचं नाव काढायचं नाही. आई असती तर तेच म्हणली असती." एवढंच. त्यानं लगेच फोन केला, मी उचलला नाही. मग त्यानं लिहिलं, "भाच्या, देव तुझं भलं करो." त्यावरही चिडलो. त्याच्या खालीच ग्रुपात पेंटरचा हिशोब आला होता, एका नावाला अकराशे रुपये, ज्याचं नाव त्याच्या घरच्यांनी द्यायचे.

एक गोष्ट ग्रुपात कुणाला बोललो नाही, मामालाही नाही. सगळ्यांशी मी असा भांडलो जसा प्रत्येक डावाला मैदानाच्या कडेला बसून होतो. तिच्यासारखं पळणारं कुणी झालं नाही, छातीवर हात मारून सांगितलं. आणि आई, मी तुला पळताना कधी बघितलंच नाही. एकदाही नाही. अंगणातसुद्धा तू उभीच असायचीस.

हे कुठं धाडायचं नाही. मिस्त्री आला की कागद केबिनमध्ये सीटखाली सारीन. धाडायचे ते फक्त पैसे, मामाच्या नंबरवर. एक नाव त्याचं आणि एक तुझं. ते कुठं लिहायचं ते त्याचं तो बघेल, नाहीतर परत पाठवेल. बावीसशे.